डाव्या अंगाला

मिरजेत, भूपाल मगदूमांच्या दारात
ताडपत्री ओढली तशी
आत झोपलेली मांजरी उठली
आणि आमच्याकडं रागानं बघत निघून गेली.
बुलेट, अठ्ठ्याहत्तर सालची.
डाव्या कुशीला पत्र्याची साइडकार
आणि तिचं ते एकटं चाक, जरा बाहेर फाकलेलं,
जत्रेत बोट धरून चालणाऱ्या पोराच्या पावलासारखं.

साठ फार होतात, मी म्हटलं.
तीन चाकं हायत, वीस-वीस धरा, ते म्हणाले.
तिसऱ्याचं टायर गुळगुळीत आहे, मी म्हटलं.
चोपन्नला मिटलं.

काकू चहा घेऊन आल्या.
"एकदा कोल्हापूरला गेलो ह्यातनं.
उतरल्यावर दोन दिवस
घर डावीकडं कलल्यागत वाटायचं.
तवापासनं बसले न्हाई मी."
मगदूम बशीतल्या चहात बघत राहिले.

मग परसातनं एक दगड आला.
जुन्या जात्याची खालची तळी. दोघांनी मिळून उचलली.
"हिला बसवा. रिकामी नेऊ नका,
डाव्या वळणावर चाक उठतं.
आणि अंग टाकायचं न्हाई बरं का.
ही कलत न्हाई. हिला वळवायला लागतं."
दगडाचे पैसे घेतले नाहीत.

गॅस दिला की डावीकडं ओढायची,
ब्रेक दाबला की उजवीकडं.
एकाच हातात बाजाराची जड पिशवी धरून
सरळ चालल्याचं सोंग करावं, तसं चाललं होतं.
विश्रामबागच्या सिग्नलला
सवयीनं पाय खाली टेकला.
गरज नव्हती.
परत वर घेतला, कुणी बघितलं का ते बघितलं.
शेजारच्या स्कूटीवरच्या पोरीनं विचारलं,
"काका, आत कोण?"
"दगड."
हिरवा पडला.

एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं काढली,
घरी यायचो राजदूतवर,
प्रत्येक वळणाला अंग आपसूक पडायचं.
बुधगावच्या पुढं तसंच पडलं.
दगड असूनही तिसरं चाक उठलं, चार बोटं,
मी घाबरून सरळ केली
आणि भलत्याच बाजूला, उसाच्या ट्रॉलीसमोर.
ट्रॉलीवाला काहीतरी ओरडला, त्यात माझी आई होती.
मुरमावर थांबलो.
हात थरथरत होते, म्हणून हँडल सोडलं नाही.

मग कुणी नाही बघून
दगड बाजूला सरकवला आणि आत बसलो.
तिथनं रस्ता फार जवळ दिसतो.
कडेच्या शेडमधनं गंधकाचा वास येत होता,
बेदाणा वाळायला घातलेला.
उजवीकडं रिकामी सीट,
चालवणाऱ्याचा गुडघा येईल ती जागा.
इथनं शिद्रामला बोलता येईल का माझ्याशी,
का नुसतं ओरडावं लागेल?
आणि उरलेला उजवा पाय, गुडघ्यापर्यंतचा,
कुठं टेकवायचा?
उतरून चादरीची घडी करून बघितली.
तेवढी पुरेल असं वाटलं.

तासगाव सोडलं तेव्हा वळणं जमायला लागली होती.
अंग उगी, हात कामाला.
मणेराजुरीत शिरताना कुत्री मागं लागली,
कुठल्या चाकाला भुंकावं ते त्यांना कळेना.

शिद्राम कुबड्या टेकत आला. एक फेरी मारली.
"पाळण्यात बसायचं वय हाय व्हय हे?"
दोन वर्षं झाली, त्यानं कुस्तीचं मैदान बघितलं नाही.
आधी माझ्या मागं बसून जायचा
आणि सगळ्या वाटेनं डाव सांगायचा, कानात.

मी काही बोललो नाही.
तळी उतरवली, चाकापाशी ठेवली.
त्यानं तिच्याकडं बघितलं,
डावा पाय वर दिला,
एक हात माझ्या खांद्यावर, सगळा भार,
आणि धपकन आत.
"पेट्रोल गळतंय."
"जरासं."
"दगड हितंच?"
"उतरायला लागंल की तुला."
"मग घे आत."

जागा होती.
कुबड्या त्यानं बंदुकीसारख्या आडव्या धरल्या.
तिसऱ्या किकला लागली.