कपाट क्रमांक सात

नगरपालिका नव्या इमारतीत जायची होती.
साहेब म्हणाले, जुन्या कागदांचं तुम्हीच बघा,
गावचे आहात, रिटायर आहात, चहाचं बिल आमच्याकडे.
मी आयुष्यभर पाण्याचे वॉल्व्ह फिरवले.
कोणत्या गल्लीखाली कोणता पाइप
ते माझ्या मनगटाला ठाऊक, नकाशाला नाही.
म्हणून म्हटलं, बघतो.

पहिल्या कपाटात जकातीच्या पावत्या:
सरकी, गूळ, टेंभुर्णीची पानं,
एक हार्मोनियम, 'तमाशाची, उद्या परत जाणार'.
दुसऱ्यात उंदीर.
तिसऱ्यात मोडीतले दाखले.
मोडीतलं मोडीत जायला एक सही पुरते.
वाचणारे एकच उरलेले, पुंजूकाका भावसार, त्यांना मोतीबिंदू.
मी कागद उन्हात धरायचो, ते नाक टेकवून म्हणायचे,
हा 'ज' नव्हे रे, हा कारकून घाईत होता.
रद्दीवाला दोनदा येऊन दारात काटा टेकवून गेला.

बोरीकाठी घरोघर फिरलो.
जिनाच्या धुराड्याची उंची विचारली
तर सहा जणांनी सात उंच्या सांगितल्या.
हमीद पिंजारी म्हणाले, ते पडलं तेव्हा आवाजच झाला नाही.
झिपरूबाबा म्हणाले, त्या आवाजानं माझी म्हैस गाभडली.
दोन्ही लिहिलं.
द्रुपताबाई भोईनं पुराची रेघ दाखवली,
दारावर, छातीइतकी.
मी टेप लावून मोजली, तेव्हा म्हणाली,
"दार नवं शे रे भाऊ. रेघ मीज काढेल शे, याद करीसन."

सातव्या कपाटात जन्म आणि मृत्यू.
उखर्डू. सुपडू. दगडू. धुडकू. परत उखर्डू.
एकेका पानावर नऊ-नऊ.
ज्यांची लेकरं जगत नव्हती
ते नवं लेकरू सुपात घालायचे, उकिरड्यावर ठेवून यायचे.
शेजारणीनं उचलायचं,
मूठभर ज्वारीला आईलाच विकायचं
आणि नाव असं ठेवायचं
की मरणानं यादी वाचली तरी पुढं सरकावं,
हे काय न्यायचं.

माझे वडील उत्तमराव.
शाळेत शिपाई, टोपीला रोज नीळ.
त्यांच्या तारखेला, त्यांच्या बापाच्या नावापुढं
लिहिलं होतं: उखर्डू.
मी पानं मागं उलटत गेलो.
मग शेजारचं, मरणाचं पुस्तक काढलं.
मुलगी, अकरा दिवस.
मुलगा, दोन महिने, ताप.
मुलगा, नाव ठेवलेले नाही.
हे तिघं आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही.
वडील थोरले, असंच मी धरून चाललो होतो.
त्यांना माहीत होतं का,
विचारायला ते नाहीत.
चहा आला. त्यावर साय धरली.

अहवालात साहेबांचा रकाना होता:
ऐतिहासिक मूल्य, आहे / नाही.
मागं एका गठ्ठ्यापुढं कुणी 'आहे' लिहिलं होतं,
तो काचेत ठेवू म्हणून जिल्ह्याला गेला,
पोच अजून यायची आहे.
सातव्या कपाटापुढं मी 'नाही' लिहिलं.
शेरा: कचरा, ओला, वजन नगण्य.

रात्री पुंजूकाकांच्या पुतण्याची हातगाडी आणली.
पंपहाऊसच्या वरच्या खोलीत,
जिथं पुराचं पाणी पोचत नाही
(द्रुपताबाईच्या रेघेप्रमाणं तरी),
चौदा वह्या लावल्या, मधे कडुनिंबाचा पाला.
गठ्ठ्यावर काहीतरी नाव घालायला हवं होतं.
खिशात खडू होता.
लिहिलं: उखर्डू.

सकाळी रद्दीवाला तिसऱ्यांदा आला.
काटा टेकवला, कपाटात डोकावला.
म्हणाला, सात नंबर रिकामं कसं?
म्हटलं, उंदीर.