विषम आकडा

बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मला भाड्याने एक टेबल मिळालंय.
वेंगुर्ल्याच्या बंदरात नेट टिकतं ते इथंच.
खालून येणाऱ्या अमोनियाच्या वासाची
तिसऱ्या आठवड्यात सवय होते.

काम असं :
एका प्रोग्रामला कर्नेलला विचारायचंय,
माझ्या हातातली ही फाइल
आणि शेजाऱ्याच्या हातातली ती,
मुळात एकच आहे का?
मी सरळ पत्ता छापून दिला होता,
मेमरीतली खरी जागा, सोळा अक्षरं, उघडी.
घ्या, ताडून पाहा.
पुण्याहून रेहानाने पॅच परत पाठवला :
विचारलं होतं काय, दिलंस काय.

खाली इनास.
शीतगृहाच्या दारात त्याचं स्टूल,
भिंतीवर खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले.
कुणाचा खोका कुठल्या फळीवर ते वहीत,
आणि वही त्याच्या मांडीखाली.
बिल्ल्यावर नुसता आकडा.
"खय ठेवलंस?" असं कुणी विचारलंच
तर म्हणतो, "तुका मासो होयो काय जागो?"

पूर्वी असं नव्हतं म्हणे.
बिल्ल्याचा आकडा तोच फळीचा आकडा.
सातवी फळी मागच्या भिंतीला लागून,
आणि सात नंबरात रेडकरांची सुरमई,
हे साऱ्या बंदराला पाठ.
एका अमावास्येला कुणीतरी वाळूच्या बाजूने
बरोब्बर सातव्या फळीमागचा चिरा काढला.
बाकी कशाला बोट लावलं नाही.
एवढा नेमका चोर
मी फक्त आमच्या धंद्यात पाहिलाय.

तेव्हापासून दर नारळीपौर्णिमेला,
होड्या पाण्यात जायच्या आधी,
इनास सगळे बिल्ले नव्याने ठोकतो.
मनात एक आकडा धरतो,
फळीचा आकडा त्याने गुणतो,
वरून आणखी काही मिसळतो. काय ते सांगत नाही.
बिल्ल्यावर मावतात दोनच अंक, पुढचे सोडून देतो.
"सम धरू नको," मला म्हणाला, "पाचाचो पण नको."
एका साली त्याने वीस धरला होता.
तिसऱ्या फळीला आणि आठव्या फळीला
एकच बिल्ला निघाला.
कोळंबीवाल्याच्या घरी मोरी गेली,
आणि चार दिवस शिव्या.

मला पाचाचं भय नाही.
माझं यंत्र दोनच बोटांवर मोजतं,
विषम धरला की पुरे :
दोन वेगळे कधी एक होत नाहीत.
गुणाकाराआधी मूठभर मीठ, यंत्र सुरू होताना उचललेलं,
बंद झालं की विरघळलेलं.
कालचा आकडा आज घेऊन आलात
तर तो कशाचाच नाही.

परवा सगुण आणि धाकू गिरप आले.
सख्खे भाऊ, दोन वर्षं बोलत नाहीत.
एका फेरीचा माल, हिशेबनिसाने प्रत्येकाला एक बिल्ला दिलेला,
आणि प्रत्येकाला वाटतं
दुसऱ्याचा खोका निराळा, भरलेला.
दाखवायचा तर कुणीच नाही.
इनासने दोन्ही तळहात पुढे केले.
दोघांनी आपापला बिल्ला पालथा ठेवला.
त्याने अंगठ्याने उचकून पाहिलं, एक, मग दुसरा.
"एकच आसा."
"खयच्या फळयेर?" सगुण.
इनास वहीवर जरा आणखी रेलून बसला.

दोघं बाहेर पडले, एका दारातून,
मागेपुढे,
आणि जेटीकडे वळताना धाकूने काहीतरी विचारलं.
वरून ऐकू आलं नाही.

संध्याकाळी पॅच पुन्हा लिहिला.
उत्तरं तीनच : तोच, आधीचा, नंतरचा.
"कुठे"साठी रकानाच ठेवला नाही.

चहा घेऊन इनास माडीवर आला,
पडद्याकडे बघत म्हणाला, "काय लिवतंस?"
तुमचंच, म्हटलं.
"मगे वही खय आसा तुझी?"

मी सांगायला तोंड उघडलं,
आणि तो हसायला लागला.