आठ सेकंद

तिपाई मी वाहतो, कॅमेरा राव्द्ना.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली, वाटणी तीच.
खाली फ्योर्ड, काळा, कोळशाच्या वखारीसारखा,
आणि शेवटच्या थांब्यावरचा तो एकुलता दिवा
जिथे रोज संध्याकाळी माझी बस रिकामी होते.

उणे बावीस.
दोन बॅटऱ्या माझ्या काखेत,
अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा मी अवघडून उभा.
लेन्सकडे श्वास सोडायचा नाही.
पाय आपटायचे नाहीत, तिपाई थरथरते.
शीळ तर मुळीच घालायची नाही.
ही शेवटची अट कॅमेऱ्याची नव्हे, तिच्या आईची:
वरच्या उजेडाला डिवचलं तर तो खाली उतरतो.
राव्द्ना हसते या गोष्टीला.
टोपी मात्र कानांखाली ओढून घेते.

एका ताऱ्यावर तिनं नेम धरला,
तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत,
मग लेन्सचं कडं चिकटपट्टीनं जखडून टाकलं.
दहा वाजले. अकरा.
थर्मासमधली कॉफी संपली.
मागच्या हिवाळ्यातलं एक भांडण आम्ही उकरून काढलं
आणि थंडी वाजते म्हणून अर्ध्यावर सोडलं.

मग उत्तरेला काहीतरी.
राखेचं बोट ओढावं तसं.
"ढग," मी म्हणालो.
"थांब," ती म्हणाली, आणि कळ दाबली.
आठ सेकंद. मी ओठांत मोजतो, ही सवयच लागलीय.
छोट्या पडद्यावर हिरवं उमटलं,
ओल्या शेवाळाचं, कडेला जांभळट.
मान वर केली तर अजून राखच.
"खरं कोण बोलतंय?"
"तो जास्त वेळ बघतो," ती म्हणाली. "एवढंच."

सातव्या की आठव्या फोटोच्या मध्यात
उतारावर एक पिवळा ठिपका डोलायला लागला.
"दिवा घालव!" राव्द्ना ओरडली.
ठिपका थांबला, वाकला, पुन्हा चालू लागला.
इस्सात होता, कपाळावर दिवा, मागे कुत्रा,
मिशीवर बर्फाचे मणी.
"पांढरी पाहिलीत का? डाव्या कानाला दोन खाचा.
परवापासून कळपात नाही."
नाही पाहिली.
त्यानं एकदा वर बघितलं,
जसा मी बसमधून उतरताना मागची सीट बघतो,
"आज जोरात आहे," म्हणाला, आणि खिंडीकडे गेला.

तो दिसेनासा होतो न होतो तोच
डोक्यावर सगळं उसवलं.
घड्या सुटत गेल्या, झिरमिळ्या लोंबल्या,
बर्फ हिरवा, राव्द्नाचा गाल हिरवा,
आता डोळ्यांनाही दिसत होतं, कुणाला विचारायची गरज नव्हती.
आणि कॅमेरा मेला.
दुसरी बॅटरी घातली. तीही मेली.
माझी काख कमी पडली.
ती काही बोलली नाही. पाठीवर आडवी झाली बर्फात.
मीही झालो. मोजायला काही नव्हतं,
तरी मी आठापर्यंत मोजत राहिलो,
पुन्हा एकपासून.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात
ती बिघडलेला फोटो पुसून टाकणार होती.
पिवळी रेघ, इस्सातच्या दिव्याची,
कुणी झोपेत सही करावी तशी डोंगरावर चढलेली.
मध्ये एक गाठ: तिथे तो वाकला होता, माग बघायला.
"राहू दे," मी म्हणालो. का, ते ठाऊक नाही.
तिनं तो मोठा केला, अजून मोठा केला,
रेघ सोडून पार उजवीकडे, कड्याखाली गेली.
तिथे करड्यात एक फिकट डाग.

मी इस्सातला फोन लावला.
"दगड असेल," तो म्हणाला. दोन रात्रींचा जागा आवाज.
"तिथे दगडच आहेत सगळे."
राव्द्नानं फोन माझ्या हातातून घेतला.
"आठ सेकंदांचा फोटो आहे, इस्सात.
बाकीचे दगड रेखीव आलेत.
हा एकच हललाय."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
आणि कुत्र्याची नखं, लाकडी जमिनीवर, दाराकडे.