दोन अंश

आठवड्याला एकच.
पुण्याला नोकरीवर जाताना तेजलने नियम घालून दिला:
बाबा, दर शनिवारी एक फोटो.
दुसरा काढायचा नाही, पहिला पुसायचा नाही.

नियमांचं मला नवल नाही.
सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं
मायक्रोमीटरच्या जबड्यात बुश धरतोय;
पास हिरव्या क्रेटमध्ये, रिजेक्ट लाल.
फोटोंना लाल क्रेट नव्हता,
हेच जड गेलं.

पहिल्या शनिवारी, सुट्टी असून,
दिवे लागेपर्यंत काही सुचेना.
शेवटी ओट्यावरचा चहा काढला.
तेजलचं उत्तर आलं: छान. पण कपाचा कान कुठाय?

गांगुर्डे गच्चीवर दोन बोटं ओठांत घालतो
आणि कबुतरांचा अख्खा थवा वळतो.
ते वळणं टिपण्यात माझे तीन शनिवार गेले.
तीन रिकामी आभाळं आहेत माझ्याकडे,
एकात खाली गांगुर्डेचा कोपर.
निकम जुने रेडिओ दुरुस्त करतो;
वाजायला लागला की त्याला करमत नाही,
पुन्हा उघडतो.
भांडीबाजारात हंड्यावर ठोके घालणारा म्हणाला,
थांबू का? म्हटलं, नको.
हात हललेलाच आला, हंडा मात्र स्पष्ट.

पूर आला की सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीचे फोटो काढतं,
पाणी कमरेला की छातीला.
मी मार्चात गेलो.
पाणी घोट्यालाही नव्हतं, बातमी नव्हती.
कुणाचा तरी टॉवेल पायाशी वाळत होता.

शालन म्हणाली, चेहरा नको, हातापुरतं काढा.
म्हणून क्रोशाची सुई आहे, पांढरा दोरा आहे,
आणि मांडीवर एक रुमाल
जो जूनपासून अर्धाच आहे.
एकदा ओव्हरटाइम लागला.
त्या आठवड्याचं म्हणून रात्री पावणेबाराला
जिन्यात हेल्मेट काढलं.

दिवाळीला तेजल सगळे छापून घेऊन आली.
पलंगावर मांडले, बेचाळीस.
शालन झाडू घेऊन दारात उभी,
तिथूनच म्हणाली,
अहो, सगळं कलंडलंय तुमचं.
गंगासुद्धा उताराला लागलीय.

ड्रॉवरमधून कोनमापक काढलं.
गच्चीचा कठडा, ओटा, रेडिओची फळी, घाटाची पायरी:
दोन अंश. दोन. सव्वादोन. दोन.
हलगर्जीपणाची चूक इकडेतिकडे जाते.
एकाच दिशेने, न चुकता येते
ती यंत्राची.
फोन टेबलावर ठेवून तपासला, फोन ठीक होता.
चित्र उजवीकडे उतरतं,
म्हणजे धरणारा डावीकडे झुकलेला.

अंघोळीच्या वेळी आरशात पाहिलं.
डावा खांदा खाली. बोटभर.
उजव्या हातात मायक्रोमीटर, डाव्या हातात ट्रे,
एकतीस वर्षं तोच ट्रे.
इतकी बुशं मोजली,
याचं माप कुणी घेतलं नव्हतं.

बेचाळिसांत एकच सरळ निघाला, अडतिसावा:
बाजारातली शेवंती.
त्या दिवशी उजव्या हातात पिशवी होती,
मेथी आणि पाच किलो कांदे.

तेजल म्हणाली, सरळ करता येतात बाबा, एका बोटाने.
तिचं बोट काचेवर टेकलंसुद्धा.
मी म्हटलं, राहू दे.
का, ते मला सांगता आलं नाही,
तिनेही विचारलं नाही.

शालनने झाडू भिंतीला टेकवला,
पलंगाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली,
मान थोडी कलती केली,
म्हणाली, असं बघितलं की बरोबर दिसतंय की.

शनिवारच होता.
चेहरा नको म्हणायचं ती विसरली.

त्रेचाळिसावा:
कपाट कललंय, दार कललंय, झाडू कललाय.
ती सरळ.