अंगठा

नंदुरबारला डिसेंबरात जमीन लाल होते.
बायपासच्या कडेला मिरचीच्या पथारी,
आणि पथारींच्या मधल्या मोकळ्या तुकड्यात
सकाळी सहाला आमचं बॉक्सिंग.
नवीन पोरं पहिला आठवडा नुसती शिंकतात.
मी म्हणतो, शिंका, पण डोळे मिटू नका.
ते जमत नाही कुणालाच, हे मलाही ठाऊक आहे.

हेमाली भोई. वय सोळा, वजन अठ्ठेचाळीस.
आई समोरच्याच पथारीवर देठ खुडते,
किलोमागे पैसे.
पोरगी लाकडी खोक्यावर चढते,
वरून उडी नाही मारत, नुसता पाय पुढे टाकून खाली येते
आणि टाच टेकायच्या आत पुन्हा वर.
मी ओरडतो : तवा आहे तो, तवा!
जमिनीवर बसू नको, जमिनीला काही विचारू नको,
शिव आणि नीघ.

पंचवीस वर्षं मी मुठीवर भरवसा ठेवला.
ठोसा खांद्यातून येतो असं शिकलो, तसंच शिकवलं,
दोन दात आणि एका कानाचा पडदा, एवढी फी भरली.
उशिरा कळलं,
तो निघतो पायाच्या चवड्यातून.
मूठ नुसती टपालवाली.

म्हणून चाळीस उड्या, आठवड्यातून दोनदा.
एकेचाळिसावी मागितली की मी रागावतो.
थकलेला पाय आळस शिकतो,
आणि पाय शिकलेलं विसरत नाही.
तिला पटत नाही.
तिच्या घरी घाम गाळल्याशिवाय
कुणाला कधी कशाचे पैसे मिळालेले नाहीत.

शनिवारी पट्टी.
शाळेचीच, तीस सेंटिमीटरची.
तिची बोटं शून्याशी उघडी, वरचं टोक माझ्या चिमटीत.
मी न सांगता सोडतो, ती पकडते.
पहिल्या शनिवारी एकवीस.
मग एकोणीस. अठरा. अठरा.
सहाव्या आठवड्याला चौदा,
आठव्याला अकरा!
अकराभोवती मी दोनदा गोल काढला.
रात्री गणित मांडलं : सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा.
एवढ्यात मिरचीसुद्धा जिभेला कळत नाही.
बायकोला उठवून सांगितलं.
ती म्हणाली, झोपा.

सोमवारी हाताला पट्ट्या गुंडाळता गुंडाळता
पोरगी सहज बोलली,
"सर, मी पट्टी देखसच नही.
तुमना अंगठा देखस.
सोडाना पहिले तो पांढरा पडस."

मी काहीच बोललो नाही.
समोर तिची आई देठ खुडत होती,
बोटांकडे न बघता.

दुपारी तोलकाट्यावरच्या भटूला बोलावलं.
त्याचा अंगठा सुतळीने आणि पोत्यांनी राठ,
त्यात काही पांढरं पडायला जागाच नाही.
भटूने पट्टी सोडली. सतरा.
पुन्हा सतरा.
पुन्हा, साडेसोळा.

म्हणजे उड्यांनी दिले ते चार.
वरचे सहा तिने माझ्याकडून चोरले.

वहीत दोन्ही आकडे लिहिले, खाडाखोड न करता.
सतराच्या पुढे लिहिलं : पाय.
अकराच्या पुढची जागा अजून रिकामी आहे.
रिंगमध्ये तरी पट्टी कोण सोडतं?
तिथे समोरच्या पोरीचा खांदा असतो,
हनुवटीखाली अडकलेला श्वास,
ग्लोव्ह निघायच्या आधी
कुठेतरी काहीतरी पांढरं पडतंच.
सत्तावीस लढतींत मला ते एकदाही दिसलं नाही.
मी ग्लोव्हची वाट बघत राहिलो.

जळगावच्या स्पर्धेला तीन आठवडे आहेत.
तिच्या उड्या चालू आहेत, चाळीसच.
आणि रात्री जेवण झालं
की मी आरशासमोर पट्टी धरून उभा राहतो.
सोडतो. फरशीवर वाजते. वाकून उचलतो.
अंगठ्याला म्हणतो, गप.
अजून ऐकत नाही.