विरजण

अमावास्येची सुकती. पाच वाजून वीस.
दांडीच्या किनाऱ्यापलीकडे पाणी इतकं मागे गेलंय
की एरवी बुडालेले खडक
झोपेतून हलवून उठवल्यासारखे दिसतात.

डबक्यात थर्मामीटर सोडते.
एकतीस पूर्णांक आठ.
सूर्य अजून यायचाय.

इनास टॉर्च धरून उभा. नऊ वाजता त्याच्या होडीत
कोल्हापूरची माणसं बसणार,
तोंडात नळी धरून पोवळी बघायला.
तोवर होडी माझी.

समुद्रफूल पुरतं मिटलेलं नाही, उघडंही नाही.
कापसाची काडी त्याच्या अंगावरून फिरवते,
बाळाचं नाक पुसावं तशी.
"गो, शेंबूड पुसतंस त्येचो?"
हो, शेंबूडच. त्यातच त्याचं गाव आहे.

पोवळं पांढरं पडलं की सगळ्यांना कळतं.
आतलं शेवाळ गेलं, रंग गेला, उपास सुरू झाला,
एवढं इनासही पर्यटकांना सांगतो.
पण त्याआधी,
रंग जागच्या जागी असताना,
या बुळबुळीत सायीतून
कुणीतरी उठून जातं.
कितीतरी पिढ्या इथेच राहिलेले जिवाणू,
घासातला घास देणारे, परक्याला उंबऱ्यावर अडवणारे.
दार वाजत नाही.
मग कोपऱ्यात जे चिमूटभर होते,
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
ते वाढत जातात, घर भरेपर्यंत.
बाहेरून कुणी आलेलंच नसतं पुष्कळदा,
हे मला अहवालात नीट लिहायचं असतं
आणि जमत नाही.

आईला एका वाक्यात कळलं.
मे महिन्यात ती विरजण रात्री अकरानंतर लावते,
बोटाच्या टोकाएवढं,
पातेलं पाण्याच्या परातीत ठेवते.
तरी सकाळी दह्याला तार सुटलेली.
"भांडा ताच, दूध ताच," ती म्हणते, "गरमेन बिघाडता."
मग सारंगकाकीकडून वाटी येते.
काकीचं बिघडलं तर आमची जाते.
आमच्या आळीतलं कुठलं दही मूळ कुणाचं,
आता सांगता यायचं नाही.

प्रयोगशाळेचा फ्रीजर काल लाईट गेल्यापासून बंद,
म्हणून कुप्या इनासच्या पेटीत,
बर्फात, दोन सुरमयांच्या मधे.
बारा फुलं, बारा कुप्या, आकडे पेन्सिलीने.

जानेवारीत बाराही याद्या जवळजवळ एक होत्या,
वाचता वाचता मला डुलकी लागली होती.
एप्रिलमध्ये प्रत्येकीचं निराळं.
एकीत हे माजले, दुसरीत ते,
तिसरीत असे, ज्यांना अजून नाव नाही.
मॅडम म्हणाल्या, आलेख विस्कटलाय, पुन्हा तपास.
पुन्हा तपासला.
तो कंटाळा म्हणजे तब्येत होती तर.

फक्त सात नंबर.
कपारीत, जिथे ऊन दहानंतर तिरकं येतं,
तिची यादी एप्रिलमध्येही जानेवारीचीच.
सावलीमुळे? की तिचे भाडेकरूच चिवट?
माहीत नाही.
शेजारी दीड हातावर चार नंबर,
शेंड्यांना फिकटलेली, बोट लावलं तर उशिरा मिटणारी.

सातची काडी माझ्या हातात आहे.
बोटाच्या टोकाएवढं.
हात चारवर जरा थांबतो.
असं करायला कागदावर कुठे लिहिलेलं नाही,
आणि उद्या चारमध्ये काही दिसलं
तर ते तिचं की मी दिलेलं, कसं ओळखणार?
काडी कुपीत घालते. झाकण फिरवते.

"चल गो, पाणी लागला."

भरती आधी सातच्या कपारीत शिरली,
तिथून काठोकाठ भरून
चारच्या अंगावर सांडली.
मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी.
कोमट होतं.