सायकलीला तिकीट नाही

वीजबिलाच्या पाठीवर मी बेटं काढली.
आधी दिवाडी, ऐसपैस,
तिच्या कुशीला चोडण,
जुवे जरा चेपलेलं, कारण कागद संपत आला होता,
आणि वांशी म्हणजे एक ठिपका,
पेन जिथे थोडं गळलं.
मध्ये नदी, जाईल तिथे वाकडी.
तिच्यावर फेरीबोटींच्या आखूड रेघा,
परकराला घातलेल्या टाक्यांसारख्या.

तेओफिल म्हणाला, वेळा शोधू नकोस, लिहून घे.
चौतीस वर्षं सुकाणूवर होता तो.
"पहिली सहा दहाला. सुकती असली की सव्वासहा,
रॅम्प चिखलात बसतो, जपून टेकवावा लागतो.
दुपारी अर्धा तास बंद. आम्ही जेवतो."
थांबला.
"जेवायचो."

सायकलीला तिकीट किती?
"सायकलीला तिकीट नाही.
बकरीलाही नव्हतं, पण बकरी भांडायची."

मग मी विचारलं,
दिवाडीच्या धक्क्यापासून पिएदादचा चढ केवढा?
उतरून ढकलावी लागेल का?
तो पेल्याच्या तळाशी बघत राहिला.
"धक्क्यापलीकडे मी गेलोच नाही, बाय.
माणसं उतरली की बोट उलटी घ्यायची असते."

मला हसू आलं नाही.
भूमापन कचेरीत माझी सत्तावीस वर्षं.
दिवाडीचं खाजन मला सर्व्हे नंबरांनी पाठ,
कुठला बांध कुणी फोडला,
कुणाची मानस कुणाच्या हिश्श्यात,
सात भावांचे सात अर्ज.
त्या चिखलाचा शिंतोडा मात्र
माझ्या चपलेवर कधी उडाला नाही.

तीन रविवार आम्ही नुसतं ठरवत होतो.
जुन्या गोव्याहून दिवाडी, दिवाडीहून नार्वे,
मयेच्या तळ्याला वळसा, चोडण, रायबंदर, घर.
जुवे आणि वांशी पुढच्या खेपेला.
त्याच्या पुतण्याची सायकल, सीट उंच,
पाना सापडेना, पंप सापडला पण हवा सोडणारा.
पोदेराकडून आठ उंडे. त्याच्या मते बारा.
नार्व्याला फेरी चुकली तर?
"पुढची येईल.
चाळीस मिनिटांत कुणी मरत नाही.
ओरडतात मात्र फार."

चौथ्या रविवारी बोटीत चढल्यावर
सवयीने तो केबिनच्या जिन्यापाशी गेला.
वरच्या पोराने ओळखलं, हाक मारली, येतोस?
तेओफिलने मान हलवली
आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं,
जणू सायकलच पाण्यात उडी मारणार होती.
अर्ध्या नदीत म्हणाला, इंजिन खोकतंय.
काठाशी म्हणाला, पोरगा घाई करतो.
रॅम्प दणकन टेकला.

स्कूटर गेल्या. पाटीवाली गेली.
शाळेच्या बँडचा ढोल गेला, मागून ढोलवाला.
तो उभाच.
बोट रिकामी झाल्याशिवाय
हलायचं नाही हे त्याच्या पायांना माहीत.
आता तो उतरला तरच ती रिकामी होणार,
हे पायांना कळायला वेळ लागला.
वरून पोराने भोंगा दिला.

मग तो निघाला,
ओल्या चाकांची रेघ काढत, डुगडुगत,
दोन्ही बाजूंना खाजन, मध्ये सरळ डांबर,
मी मागून ओरडतेय, ब्रेक उजवीकडचा, उजवीकडचा!

पहिल्या तिठ्यावर थांबला.
एक पाय जमिनीवर टेकून
डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
बराच वेळ,
एखादा बार्ज येत असल्यासारखं.
"कुठे घ्यायची?"

मी घामेजलेलं वीजबिल उलगडलं.
बेटं होती. नदी होती. वेळाही होत्या, मिनिटासकट.
बेटावर रस्ता मी काढलाच नव्हता.
उलटून पाहिलं,
तर मुदत परवाच संपलेली.